बीएमआय ३७ आणि जुनी पॉलिसी

नाशिकमध्ये आरोग्यविमा सल्लागार म्हणून काम करताना वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारणारी माणसे हल्ली बरीच भेटतात, पण एका शिक्षिकेची केस माझ्या मनात ठळकपणे राहिली आहे, कारण त्या नवी पॉलिसी घ्यायला आल्या होत्या आणि नवी पॉलिसी न घेणे हाच त्यांच्यासाठी योग्य निर्णय होता.

त्यांचे वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९३ किलो. बऱ्याच वर्षांपासून मधुमेह, दोन्ही गुडघे दुखरे, आणि शाळेत दिवसभर उभे राहण्याचे काम. शाळा खासगी विनाअनुदानित असल्यामुळे तिथे सामूहिक विम्याची सोय नव्हती. सर्जननी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचा, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा, सल्ला दिला होता आणि साडेचार लाखांचा अंदाजे खर्च लिहून दिला होता. त्यांनी आणलेल्या तिन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची, शस्त्रक्रिया कव्हर होते असे मोठ्या अक्षरांत छापले होते. सोबत त्यांची स्वतःची पाच लाखांची, २०१६ पासून न चुकता नूतनीकरण होत आलेली फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची एकत्र, पॉलिसी होती. तिच्या पुस्तिकेत लठ्ठपणावरील उपचारांचा खर्च मिळणार नाही असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे ती बंद करून नवी घ्यावी, असे घरात ठरले होते. ‘‘ताई, यांतली कोणती चांगली तेवढं सांगा,’’ एवढाच त्यांचा प्रश्न होता.

माहितीपत्रके बाजूला ठेवून मी तिन्ही पॉलिसींच्या संपूर्ण अटी उघडल्या. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये न मिळणाऱ्या खर्चांच्या अटींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील कोड ०६ लठ्ठपणाचा आहे. त्यानुसार शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय निकषांना धरून झालेली असावी, रुग्ण १८ वर्षे पूर्ण झालेला असावा आणि बीएमआय, म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४० किंवा त्याहून अधिक असावा. बीएमआय ३५ ते ४० च्या दरम्यान असेल, तर वजन कमी करण्याचे साधे उपाय फसलेले असावेत आणि जोडीला चारपैकी एक गंभीर आजार असावा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या धमन्यांचा विकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा विकार) किंवा अनियंत्रित टाइप २ मधुमेह. यांत न बसणारा खर्च कंपनी नाकारू शकते. तिन्ही पॉलिसींत शब्दशः हेच कलम होते. फरक होता तो प्रतीक्षाकाळात, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर खर्च मिळू लागेपर्यंत थांबावे लागते त्या काळात: एकीत या शस्त्रक्रियेसाठी दोन वर्षे, दुसरीत तीन, आणि तिसरीत दोन वर्षांबरोबरच देय रकमेवर वेगळी मर्यादा, जी माहितीपत्रकावर कुठेच नव्हती.

बाईंचा बीएमआय ३७.२५ येत होता. गुडघेदुखी त्या चार आजारांत नाही. मधुमेह आहे, पण तो अनियंत्रित असावा लागतो, आणि त्यांचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.७ होता. वर्षानुवर्षे पथ्य पाळून, वेळेवर गोळ्या घेऊन त्यांनी साखर आटोक्यात ठेवली होती आणि तीच शिस्त विम्याच्या कलमात त्यांच्या आड येत होती. मला हे त्या दिवशीही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. कलमातले ४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या निकषांतले आहेत. भारतीयांच्या शरीरात कमी वजनातही चरबीचे दुष्परिणाम दिसतात, म्हणून आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ मध्येच शस्त्रक्रियेसाठी ३७.५, आणि सहव्याधी असल्यास ३२.५, अशी मर्यादा सुचवली होती. त्यामुळे सर्जनचा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता. विम्याची मोजपट्टी मात्र जुनी होती.

त्यांचे यजमान सोबत होते. त्यांना कोणीतरी सुचवले होते की वजन शंभर किलोपर्यंत वाढवले की बीएमआय आपोआप ४० होतो. दुसऱ्या कोणी नव्या पॉलिसीच्या प्रपोजल फॉर्मवर वजन ७२ किलो लिहायला आणि मधुमेहाचा उल्लेख टाळायला सांगितले होते. दोन्ही गोष्टींना मी ठाम नकार दिला. मधुमेही बाईने क्लेमसाठी सात किलो वजन वाढवणे म्हणजे ज्या त्रासातून सुटायचे तोच ओढवून घेणे. आणि फॉर्मवरची खोटी माहिती क्लेमच्या वेळी हमखास उघडी पडते, कारण रुग्णालयाच्या पहिल्याच कागदावर मधुमेह किती वर्षांपासून आहे हे लिहिलेले असते. २०२४ मधल्या नियमानुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते संरक्षण नाही. खरी माहिती दिली, तर नवी कंपनी प्रीमियम वाढवू शकते, आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते किंवा प्रस्तावच नाकारू शकते. पॉलिसी पोर्ट करताना, म्हणजे आहे ती पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेतानाही, नकाराचा अधिकार कंपनीकडे असतोच.

मग मी त्यांच्या जुन्या पॉलिसीकडे वळले. पुस्तिका २०१६ ची होती, परंतु आयआरडीएआयची ती भाषा १ ऑक्टोबर २०२० पासून आधीच बाजारात असलेल्या पॉलिसींनाही लागू झाली होती. त्यानंतरच्या नूतनीकरणाची कागदपत्रे यजमानांच्या ईमेलमध्ये न उघडता पडून होती. ती आम्ही तिथेच उघडली. लठ्ठपणाची सरसकट वगळणूक निघून गेली होती आणि तिच्या जागी कोड ०६ आला होता. मधुमेहाचा आणि ठरावीक शस्त्रक्रियांचा प्रतीक्षाकाळ केव्हाच संपला होता. जी पॉलिसी बंद करायची ठरले होते, तिच्यात आता एकही दिवस थांबायचे नव्हते. ते वाचून बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तरीही चार आजारांचा प्रश्न सुटला नव्हता. मी डॉक्टर नाही आणि कोणाला कोणता आजार आहे हे सांगणे माझे काम नाही, पण फाइलमधला प्रत्येक कागद वाचणे हे मी माझे काम मानते. त्यांच्या फिजिशियननी एका केसपेपरवर मोठ्याने घोरणे, दिवसा डुलक्या लागणे याची नोंद करून स्लीप स्टडी करण्याचा सल्ला लिहिला होता. घोरण्यासाठी कसली तपासणी, म्हणून ती राहून गेली होती. विमा बाजूला ठेवा, हे तुमच्या हृदयासाठीही महत्त्वाचे आहे, असे सांगून मी त्यांना त्याच डॉक्टरांकडे परत पाठवले. अहवालात झोपेत दर तासाला ४४ वेळा श्वास थांबत किंवा मंदावत असल्याचे निघाले. ३० च्या पुढे स्लीप ॲप्निया तीव्र समजला जातो.

रुग्णालयाच्या विमा कक्षातून कॅशलेसची विनंती गेली, तेव्हा कंपनीने पहिला प्रश्न विचारला तो साध्या उपायांच्या अपयशाचा पुरावा काय, हा. इथे बाईंचा नीटनेटकेपणा कामी आला. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, तारखांसह वजनाच्या नोंदी, व्यायामशाळेच्या पावत्या, सारे त्यांनी जपून ठेवले होते. फिजिशियननी त्याचा सारांश लेटरहेडवर लिहून दिला आणि मंजुरी आली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार होती, म्हणून मी त्यांना त्या दरातलीच खोली घ्यायला लावली. महागडी खोली घेतली असती, तर सर्जनच्या फीसह इतर रकमाही त्याच प्रमाणात कापल्या गेल्या असत्या.

बिल चार लाख ६२ हजार झाले. कंपनीने चार लाख १८ हजार दिले, उरलेले त्यांनी भरले. पुढची जीवनसत्त्वे, प्रोटीन पावडर आणि नियमित रक्ततपासण्या यांचा खर्च बहुतांशी पॉलिसीबाहेरच राहणार आहे, हे मी आधीच लिहून दिले होते, आणि सैल झालेल्या त्वचेची शस्त्रक्रिया कॉस्मेटिक म्हणून नाकारली जाऊ शकते, हेही. आता त्यांना विमा रक्कम दहा लाख करायची आहे. वाढीव पाच लाखांना प्रतीक्षाकाळ नव्याने लागेल हे समजून घेऊन त्यांनी फॉर्म भरला आहे आणि त्यावर शस्त्रक्रिया, मधुमेह, स्लीप ॲप्निया आणि आजचे वजन, सर्व काही खरे लिहिले आहे.