डाव्या पायातला तारपा

जेवण झाल्यावर गॅलरीतला टॉवेल काढायला गेलो तर पायाला काहीतरी लागलं. लेकीचे बूट. बूट म्हणायचं नाही, स्नीकर्स. फेब्रुवारीत काळा घोडाच्या महोत्सवातून आणलेले, डहाणूकडच्या एका पोराने तिच्यासमोर बसून रंगवलेले. गेरूच्या रंगावर पांढरी वारली माणसं. चित्राला पाय लागला म्हणून माझा हात आपसूक छातीकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थबकला. हे चित्र पायातच तर घालायचंय.

आमच्या घरात पाय लागण्याचा कायदा कडक. वही, पुस्तक, पेपर, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, ताट म्हणजे अन्न. फक्त पायताण या कायद्यातून सुटलेलं. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं, एवढाच तिचा मान. तरी आजोबांच्या कापशी चपलेवर केवढी नक्षी! वेणी, गोंडा, वर चालताना करकर. ती घालताना त्यांना कधी अवघडल्यासारखं झालं नाही. देवळात जाताना मात्र जुनी रबरी चप्पल. देवावर विश्वास होता, भक्तांवर नव्हता.

आमच्या वेळी बुटांवर एकच रंग, खडूचा. शनिवारी पीटी, म्हणून शुक्रवारी रात्री खडू पाण्यात भिजवून कॅनव्हासच्या बुटांना फासायचा. खडू शाळेतून आणलेला. आणलेला म्हणजे खिशातून. ओला असताना बूट राखाडी दिसायचे, सकाळी पांढरेफेक. नाडीची भोकं बुजलेली असायची आणि धावताना प्रत्येक पावलाला पिठाच्या गिरणीसारखा भुरका उडायचा.

सातवीत मी उजव्या बुटावर शाईच्या पेनाने विमान काढलं. छान जमलं होतं, आजही म्हणेन. शनिवारी सर रांगेतून खाली बघत आले आणि माझ्या पायाशी थांबले. काही बोलले नाहीत, नुसतं पाच बोटं दाखवली. मैदानाला पाच फेऱ्या. घरी येऊन खडूचे तीन हात दिले, पण शाई दर वेळी निळसर होऊन वर यायची. वर्ष संपेपर्यंत ते विमान ढगातून उडत राहिलं. त्याच गुन्ह्यासाठी आता लेक पैसे मोजून आली होती. आकडा सांगत नाही. तिनेही मला खरा सांगितलेला नसणार.

टॉवेल खांद्यावर टाकून बूट बघत बसलो. डाव्या बुटाच्या चवड्यावर तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांब वाद्य, फुंकणारा. त्याच्यापासून टाचेपर्यंत हातात हात गुंफलेल्या माणसांचा फेर. या नाचात तारपावाल्याला कुणी पाठ दाखवत नाही, तो वळेल तसं सगळ्यांनी वळायचं. उजव्या बुटावरही फेर आहे, पण तारपावाला नाही. म्हणजे लेक चालू लागली की एका पावलाला तारपा पुढे, दुसऱ्या पावलाला नाचणारे त्याला मागे टाकून पसार. हे मुद्दाम केलं की जागा पुरली नाही, विचारायला हवं होतं.

लेकीने विचारलं ते भलतंच. त्या पोराला म्हणाली, लग्नाचा चौक काढशील का? तो नाही म्हणाला. चौकात पालघाट देवी असते, ती भिंतीवर, पायात नाही. ऐकून बरं वाटलं. त्याच्याकडेही पाय लागण्याचा कायदा आहे तर.

तो चौक लग्नघरात सवाशिणींनी काढायचा. गेरूची भिंत, तांदळाचं पीठ, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नसराईची वाट न पाहता रोज चित्रं काढायला घेतली, १९७०च्या दशकात ती कागदा-कापडावरून जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मग साड्या आल्या, कप आले, मोबाइलची कव्हरं आली. बूट यायचेच होते.

चवडा वाकतो तिथे रंगाला भेग पडलीय. त्या पोराने बजावलं होतं, भिजवू नका, डाग ओल्या फडक्याने पुसा. हिने बादलीत बुडवून घासले. त्यात उजव्या बुटावरच्या एका बाईचा पाय गुडघ्यापासून गेला. फेर चालूच आहे, ती बिचारी लंगडत नाचतेय.

खणात व्हाइटनर सापडला. काडेपेटीतली एक काडी घेतली, गुलाच्या उलटं टोक दातांनी चावून मऊ केलं आणि पाय जोडला. जरा लांब झाला. व्हाइटनर गेरूवर फारच पांढरा दिसतो, हेही वाळल्यावर कळलं.

संध्याकाळी लेक बूट घालून निघाली. नाडी बांधताना क्षणभर वाकून राहिली, असं मला वाटलं. बोलली काहीच नाही. ती जिना उतरेपर्यंत मी दारात उभा होतो, पाच फेऱ्यांच्या तयारीत.