११०० चा बँड नेमका कुणाचा?

आज दिवसभर ॲनोडवर होणाऱ्या पाण्याच्या ऑक्सिडेशनचे, म्हणजे पाण्यापासून ऑक्सिजन सुटण्याच्या अभिक्रियेचे, इन्फ्रारेड स्पेक्ट्रा. पोटेन्शियल वाढवलं की ११०० प्रतिसेंमीजवळ छान बँड (शोषणाचा पट्टा) उगवतो आणि ‘सुपरऑक्साइड सापडला!’ म्हणायचा मोह होतो. सुपरऑक्साइड म्हणजे या अभिक्रियेतला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध असलेला मधल्या टप्प्याचा पदार्थ. जरा थांबा. इलेक्ट्रोलाइटमध्ये परक्लोरेट किंवा सल्फेट असेल, तर त्यांचेही बँड तिथेच. वर ॲनोड धन होत जाईल तसे हे ॲनायन (ऋण आयन) पृष्ठभागाकडे ओढले जातात, म्हणजे बँड पोटेन्शियलबरोबर इमानदारीत वाढतोही! उत्प्रेरक चिकटवून ठेवणारा नाफिऑन हा पॉलिमर बाइंडर ११५० ते १२५० मध्ये लुडबुड करतो, ती वेगळीच.

खरी कसोटी ऑक्सिजन-१८ च्या, म्हणजे ऑक्सिजनचा जड समस्थानिक असलेल्या, पाण्याची. ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधाचा ११०० चा बँड दोन्ही अणू बदलल्यावर साधारण १०३७ वर यायला हवा, एकच बदलला तर १०६९ च्या आसपास. परक्लोरेट जागचा हलत नाही. १०६९ चा मधला बँड दिसला तर लगेच जालकातला (ॲनोडच्या घन पदार्थातला) ऑक्सिजन भाग घेतोय असं ठरवू नका. आधी सेलमध्ये साधं पाणी उरलंय का ते बघा.

बाकी नेहमीचंच. इन्फ्रारेड प्रकाश ज्यातून जातो तो सिलिकॉन प्रिझम १००० च्या खाली फारसं काही दिसू देत नाही आणि तीव्र अल्कलीत झिजतो. बुडबुडा प्रिझमला चिकटला की १६४० चा पाण्याचा बँड उलटा होतो. ते स्पेक्ट्रम सरळ फेकायचं. संदर्भ स्पेक्ट्रम ऑक्सिजन सुटायच्या आधीच्या पोटेन्शियलवर, आणि प्रत्येक पायरीनंतर पुन्हा तिथेच परत. बँड परतीत ओसरला नाही, तर तो मधल्या टप्प्याचा पदार्थ नसून पृष्ठभागावर साचलेला पदार्थ असण्याची शक्यता जास्त.