"दुधाची असेल"

22 आठवड्यांची गरोदर बाई नेहमीच्या तपासणीला आली होती. बाळाचे ठोके, रक्तदाब, सगळं ठीक. उठता उठता म्हणाली, "मॅडम, डाव्या स्तनात गाठ लागतेय. घरचे म्हणतात, दुधाची असेल."

"कधीपासून?"

"झाले दीड-दोन महिने."

मी तिला परत झोपायला सांगितलं. गरोदरपणात स्तन जड होतात, हाताला गाठीगाठी लागतात, त्यात खरी गाठ लपून जाते. सापडलीच तर 'बाळंतपणानंतर बघू' म्हणून राहते. ही टणक होती, कडा ओबडधोबड, आणि दुखत नव्हती. दोन आठवड्यांत न विरलेली गाठ गरोदर बाईचीही तपासायलाच हवी, यावर मी कुणाशीही भांडेन.

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. गाठ घन निघाली. रेडिऑलॉजिस्टांनी जागा बधिर करून जाड सुईने तुकडा काढला. नवऱ्याचा जीव बाळात अडकलेला. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, भूलही तेवढ्याच जागेपुरती आहे, हे त्यांना तिथेच समजावलं. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर '22 आठवडे गरोदर' असं मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं. या काळात स्तनातल्या पेशी भराभर वाढतात. बारीक सुईने काढलेल्या नमुन्यात तर साध्या पेशीही संशयास्पद दिसू शकतात. म्हणून तुकडा हवा, आणि तो बघणाऱ्याला गरोदरपण माहीत हवं.

रिपोर्ट कॅन्सरचा आला.

"मूल पाडावं लागेल?" तिने एवढंच विचारलं. नाही. गर्भपाताने हा आजार बरा होण्याची शक्यता वाढत नाही. हे मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला ते ऐकूच गेलं नव्हतं. पहिले तीन महिने उलटले की केमोथेरपी देता येते, आणि ते उलटलेच होते. रेडिएशन बाळंतपणानंतर.

कॅन्सरतज्ज्ञ, सर्जन, बालरोगतज्ज्ञ आणि मी एकत्र बसून वेळापत्रक आखलं. बाळंतपणात आईच्या पांढऱ्या पेशी कमी असू नयेत, म्हणून 35 आठवड्यांच्या आतच केमो थांबवली. 38व्या आठवड्यात मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. वार तपासायला पाठवली होती, तीही स्वच्छ निघाली.

पुढची केमो बाकी असल्यामुळे अंगावर पाजता येणार नव्हतं. हे सांगितलं तेव्हा ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. रिपोर्टच्या दिवशीसुद्धा रडली नव्हती. मी बराच वेळ तिच्यापाशी बसले. मग वरच्या दुधाचं सगळं नीट समजावून दिलं आणि पुढच्या केमोची तारीख लिहून दिली.