शून्य मिलिसेकंदांत उघडणारे ॲप

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कंपनीत मी काम करतो. आमचे ॲप मुख्यतः रावेर, यावल आणि चोपडा या केळीच्या पट्ट्यातील शेतकरी वापरतात. त्यांचे फोन स्वस्तातले असतात, स्टोरेज बहुधा काठोकाठ भरलेले असते आणि फोनची भाषा पुष्कळदा मराठी ठेवलेली असते. ॲपची नवी आवृत्ती बाहेर जाण्यापूर्वी ती अशा फोनवर किती वेळात उघडते, किती मेमरी खाते आणि बाजारभावांची यादी सरकवताना किती अडखळते, हे मोजणारे एक टूल आमच्याकडे आहे. यूएसबी हबला जोडून ठेवलेले फोन, त्यांना आज्ञा देणारा एक लिनक्स संगणक आणि पायथनमध्ये लिहिलेला बराचसा जुना कोड, एवढाच त्याचा संसार. ज्यांनी तो कोड लिहिला ते सहकारी आता पुण्याला असतात आणि टूलची डागडुजी माझ्याकडे आली आहे.

ॲपमधला बग आणि मोजणाऱ्या टूलमधला बग यांत मोठा फरक आहे. ॲप बंद पडले तर दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांचे फोन येतात. टूल चुकले तर मात्र ते निमूटपणे एक आकडा देते, तो आकडा तक्त्यात इतर आकड्यांच्या शेजारी जाऊन बसतो आणि बैठकीत त्याच्यावर निर्णय होतात. म्हणून या कामात मी बंद पडणाऱ्या कोडपेक्षा, मोजता आले नसतानाही काहीतरी उत्तर देणाऱ्या कोडच्या मागे अधिक लागलो.

अशा कोडचा सर्वांत ठळक नमुना एका स्वस्त फोनने दाखवला. ॲप उघडण्याच्या वेळेच्या तक्त्यात हा फोन एकाएकी पहिल्या क्रमांकावर आला. “भाऊ, हा तर सगळ्यांच्या पुढे गेला,” असे सहकाऱ्याने कौतुकाने सांगितले, तेव्हा पाहिले तर त्याच्या नावापुढे शून्य मिलिसेकंद लिहिलेले होते. जो वेळ कमी तो फोन चांगला, असा टूलचा सरळ हिशेब असल्याने शून्याला पहिला क्रमांक मिळणे क्रमप्राप्तच होते. फोनमध्ये नवीन काही घातलेले नव्हते. फक्त शेतकऱ्यांच्या फोनसारखी स्थिती असावी म्हणून कोणीतरी त्याची भाषा मराठी केली होती.

मूळ लॉग, म्हणजे ॲपने केलेल्या नोंदींची फाइल, उघडल्यावर कारण समोरच होते. ॲप आपला वेळ लॉगमध्ये लिहीत होते, पण तो ‘१८४२’ असा देवनागरी अंकांत. अँड्रॉइडवर जावाच्या फॉरमॅट फंक्शनला भाषा वेगळी सांगितली नाही, तर ते फोनची भाषा घेते आणि अंकही त्या भाषेच्या पद्धतीने लिहिते. टूलमधले रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातून ठरावीक नमुना चाळून काढणारे सूत्र, फक्त इंग्रजी अंक शोधत होते, आणि तेही ‘असतील तितके’ या अटीवर, म्हणजे एकही अंक नसला तरी चालेल अशा बेताने. त्यामुळे हाती रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, आली आणि पुढच्या ओळीने रिकाम्या स्ट्रिंगचे शून्य केले. आधी आम्ही हिंदी ठेवलेला फोन तपासला होता आणि त्यावर सारे सुरळीत होते, त्यामुळे भाषेवरचा संशय काही काळ मावळला होता. लिपी एकच असली तरी युनिकोडच्या सीएलडीआर या भाषाविषयक माहितीसाठ्यात मराठीचे नेहमीचे अंक देवनागरी धरलेले आहेत आणि हिंदीचे इंग्रजी, त्यामुळे हिंदी फोनवर हा बग दिसणे शक्यच नव्हते. गंमत अशी, की पायथनला स्वतःला देवनागरी अंकांचे वावडे नाही; ‘१८४२’ ही स्ट्रिंग पूर्णांकात बदलायला सांगितली तर ते बिनतक्रार बदलून देते. अडचण फक्त मधल्या चाळणीची होती.

दुरुस्ती दोन्ही टोकांना केली. ॲपमध्ये यंत्राने वाचायच्या प्रत्येक आकड्यासाठी लोकेल, म्हणजे भाषा आणि अंकांची पद्धत, पक्के ठरवून दिले. पडद्यावर शेतकऱ्याला दिसणारे अंक मात्र मराठीच राहू दिले, कारण ते तसेच असायला हवेत. टूलमध्ये अंक सापडला नाही तर शून्याऐवजी ‘मोजता आले नाही’ अशी नोंद व्हावी आणि तो फोन क्रमवारीतून बाहेर जावा, अशी व्यवस्था केली.

तापमानाचे प्रकरण याहून चिवट निघाले. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि कूलर खिडकीत घरघरत असला तरी फोन ठेवलेल्या कपाटापर्यंत त्याची हवा पोहोचत नाही. प्रोसेसर तापला की फोन स्वतःहून त्याची गती कमी करतो, त्यामुळे तीच आवृत्ती, तोच फोन, आणि तरीही सकाळचा व दुपारचा आकडा वेगळा, असे घडत होते. टूलमध्ये याची काळजी घेतलेली दिसत होती: बॅटरीचे तापमान चाळीस अंशांच्या खाली असेल तरच चाचणी सुरू करायची, असा स्पष्ट नियम कोडमध्ये होता. तो नियम कधीच कोणाला अडवत नव्हता. प्रोसेसरच्या तापमानाच्या फायलीत आमचे बहुतेक फोन अंशाचा हजारावा भाग हे एकक वापरतात, म्हणून कोड हजाराने भागत होता. बॅटरीचे तापमान मात्र अँड्रॉइड अंशाच्या दहाव्या भागात सांगते. म्हणजे ४३.६ अंशांसाठी फोन ४३६ म्हणत होता आणि टूल त्याचे ०.४३६ अंश करत होते. जळगावच्या वैशाखात आमच्या टूलच्या मते सारे फोन बर्फात ठेवलेले होते.

भागाकार सुधारताच दुपारी एकही चाचणी सुरू होईना. मर्यादा वाढवावी, अशी सूचना अर्थातच आली. मला ती पटली नाही, कारण तापलेल्या फोनवरचा आकडा ॲपविषयी कमी आणि खोलीविषयी अधिक सांगतो. त्याऐवजी चाचण्या रात्रीवर नेल्या, प्रत्येक फेरीच्या आधीचे व नंतरचे तापमान निकालासोबत नोंदवायला सुरुवात केली आणि क्रमही बदलला. पूर्वी जुन्या आवृत्तीच्या सगळ्या फेऱ्या आधी आणि नव्या आवृत्तीच्या नंतर होत, त्यामुळे तापलेल्या फोनचा सारा बोजा नव्या आवृत्तीच्या माथी पडे. आता दोन्ही आवृत्त्या आलटूनपालटून चालतात आणि सरासरीऐवजी मध्यक घेतला जातो.

रात्रीच्या चाचण्यांनी आणखी एक जुना बग उजेडात आणला. निकालांचे फोल्डर तारखेनुसार तयार होते आणि ती तारीख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतली होती. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे निकाल आदल्या तारखेत जाऊन पडत. दिवसा चाचण्या होत होत्या तोवर याचा कोणाला पत्ता नव्हता. हे एका ओळीचे काम होते.

जुन्या फोनचा प्रश्न तितका सोपा नव्हता. संगणकाकडून फोनला आज्ञा पोहोचवणारे एडीबी हे साधन अँड्रॉइड ७ च्या आधीच्या फोनवर आतली आज्ञा फसली तरी यशाचाच संकेत परत देते. त्यामुळे ॲप सुरूच झाले नाही तरी चाचणी उत्तीर्ण दिसत असे. यावर उपाय म्हणून फोनमध्ये आज्ञा चालवणाऱ्या शेलकडूनच यश-अपयशाचा संकेतांक (शून्य म्हणजे यश) छापून घेतला आणि तो वाचला. पण हे जुने फोन ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर जोडतात, त्यामुळे आलेले शून्य आणि अपेक्षित शून्य जुळेनात. ते अक्षर कापून टाकल्यावर गाडी रुळावर आली.

शेवटचा बग वीज गेल्यामुळे सापडला. वीज परत आली, राउटर सुरू झाला, सिम नसलेल्या फोनांनी इंटरनेटवरून आपले घड्याळ जुळवून घेतले, आणि त्याच क्षणी चालू असलेल्या एका चाचणीचा वेळ उणे आला. वेळ मोजण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळासारखे मागेपुढे होणारे घड्याळ वापरले होते. त्याऐवजी फोन सुरू झाल्यापासून फक्त पुढेच जाणारे घड्याळ वापरले.

या सगळ्याचा दृश्य परिणाम असा झाला, की पूर्वी गच्च भरलेल्या तक्त्यात आता ‘मोजता आले नाही’ असे रकाने दिसू लागले आहेत, विशेषतः ज्या रात्री उकाडा उतरत नाही त्या रात्रीचे. त्या रकान्यांत मागच्या वेळचा आकडा भरून टाकावा, असे साहेबांचे म्हणणे होते. मी त्यांना नकार दिला आणि मागची आवृत्ती दोन्ही बाजूंच्या थोड्या नाराजीसह त्या रकान्यांसकटच बाहेर गेली. कपाटाला मागून पंखा बसवायचा प्रस्ताव मात्र लगेच मंजूर झाला.