कार्ड कोरं नव्हतं

गेल्या वैशाखात एका सकाळी शटर वर करायला गेले तर दुकानाच्या पायरीवर दोन माणसं बसली होती. बेळगावच्या शहापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यातला एक ओळखीचा, खानापूरकडचा फोटोग्राफर. दुसरे साठीकडे झुकलेले, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. फोटोग्राफरने खिशातून रुमाल काढला आणि त्याची गाठ सोडली. आत नखाएवढं मायक्रो एसडी कार्ड. अंगारा बांधून आणावा तसं आणलं होतं.

"अक्का, ह्यात ह्यांच्या पोरीचं लगीन हाय. आणि कार्ड रिकामं दाखवालंय."

लग्न होऊन चार दिवस झाले होते. जावई मराठा लाइट इन्फंट्रीत, सुट्टी संपवून कालच ड्यूटीवर गेलेला. एरवी फोटो गेले तर लोक नवरा-नवरीला पुन्हा नटवून मंदिरात उभं करतात. इथे तीही सोय नव्हती.

झालं होतं असं. ६४ जीबीचं कार्ड अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात वापरलेलं. घरच्यांना चार फोटो दाखवावेत म्हणून फोटोग्राफरच्या भाच्याने ते काढून आपल्या जुन्या मोबाईलमध्ये घातलं. मोबाईलवर सूचना आली: एसडी कार्ड कोरं आहे किंवा त्यातली फाइल सिस्टीम चालत नाही. खाली विचारलं होतं, फॉरमॅट करायचं का? पोराने "कोरं आहे" एवढंच वाचलं आणि होय दाबलं. दोन-चार सेकंदांत काम झालं.

ह्या सूचनेवर माझा फार राग आहे. बेळगावच्या बसस्टँडवर कोल्हापूरची माझी मावशी उतरते तेव्हा तिला कन्नड पाटी वाचता येत नाही. म्हणून ती पाटी कोरी आहे असं ती म्हणत नाही, शेजारच्या माणसाला विचारते. मोबाईलला जे वाचता आलं नाही त्याला तो आधी "कोरं" म्हणाला आणि खरी गोष्ट "किंवा"च्या पुढे टाकली.

खरी गोष्ट साधी होती. फाइल सिस्टीम म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवलीय त्याची नोंद ठेवायची पद्धत. २ जीबीच्या वर आणि ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर एसडीएचसी लिहिलेलं असतं आणि ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट होतात. त्याच्या वरची, २ टीबीपर्यंतची, एसडीएक्ससी, आणि त्यांची पद्धत एक्सफॅट. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलं, त्याचा तपशील सगळ्यांसाठी खुला केला २०१९ मध्ये. तोवर ते वापरायला परवाना लागायचा, त्यामुळे स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसायचंच. कॅमेऱ्याने एक्सफॅटमध्ये लिहिलं, मोबाईलला फक्त फॅट३२ येत होतं. कार्ड खाचेत नीट बसलं, म्हणून ते चालणारच असं पोराला वाटलं.

"फॉरमॅटनंतर कार्डावर काही लिहिलंस? एक फोटो तरी?" मी पहिला प्रश्न हाच विचारते.

"नाही ओ अक्का. लगेच काढून ठेवलं."

अडॅप्टरची लॉकपट्टी खाली ओढली. ती पट्टी म्हणजे कार्डावर काही लिहू नको अशी कार्ड-रीडरला केलेली विनंती आहे, मानणं न मानणं त्याच्या हातात, म्हणून लिनक्सच्या मशीनवर कार्ड आपोआप उघडणार नाही अशी व्यवस्था करूनच ते लावलं. मूळ कार्डावर काहीही शोधायचं नाही, आधी त्याची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत हुबेहूब प्रत घ्यायची आणि काम प्रतीवर करायचं. माझा रीडर जुना, सेकंदाला वीसेक एमबीने वाचणारा. म्हणजे पाऊण-एक तास.

तो तास लांबला. नवरीचे वडील, मी त्यांना मामाच म्हटलं, खुर्चीच्या कडेवर बसलेले, नजर स्क्रीनवर. चहा आणला, तो निवला. त्यांनी हळूच विचारलं, "पोरगी, पुसलेलं परत कसं येतंय गं?"

मामा शेतकरी. म्हटलं, "मामा, उतारा हरवला म्हणून शेत जागचं हलतंय काय?"

"कुठं जातंय."

"फॉरमॅटमध्ये उतारा फाडला जातो. कुठला फोटो कुठे ठेवलाय त्याची नोंद. फोटो आहे तिथेच असतो. पण उताऱ्यावर नाव नाही म्हटल्यावर ती जमीन मोकळी समजून दुसरा कुणी नांगर घालू शकतो. नांगर फिरला की गेलं."

मामांनी मान हलवली. फोटोग्राफर मात्र कार्डावरच संशय धरून होता. "६४ चं म्हणून घेतलं, दाखवतंय ५९.६. चार-साडेचार जीबी खाल्लीच की नाही कुणीतरी?" खोटी कार्डं बाजारात असतात, १६ जीबीच्या चिपला १२८ सांगायला शिकवलेलं असतं, आणि ती ओळखायला कार्ड काठोकाठ भरून परत वाचून पाहावं लागतं. पण हा प्रकार तो नव्हे. कार्ड बनवणारा हजाराच्या हिशोबाने मोजतो, ६४ अब्ज बाइट. कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतो, त्याच्या मापाने तेवढेच बाइट ५९.६ भरतात. मापं दोन आहेत, माल तेवढाच आहे. फॉरमॅटची स्वतःची नोंदवही असते तिला थोडी जागा लागते, पण ती काही एमबींची, जीबींची नव्हे.

प्रत पूर्ण होत आली तेव्हा वळीव आला. पत्र्यावर गारा वाजू लागल्या आणि करंट गेला. वडगावच्या बाजूचे माग गप झाले की आमच्याकडे लगेच कळतं. यूपीएस चार वेळा ओरडला आणि इन्व्हर्टरने सांभाळलं. मामा उठून उभे राहिले होते.

प्रत उघडली. फॅट३२ च्या नव्या नोंदवहीत फोल्डर दिसले आणि एक फाइल दिसली, जी असायला नको होती. वीस सेकंदांचा व्हिडिओ. अंगण, एक कोंबडी, रबरी चप्पल घातलेला पाय, आणि मागून आवाज, "चालूलालंय की."

फोटोग्राफरचा चेहरा उतरला. भाच्याने फॉरमॅटनंतर कार्ड परत कॅमेऱ्यात घालून चालतंय का ते पाहिलं होतं. ते आपल्या मामाला, म्हणजे फोटोग्राफरला, सांगायचं धाडस झालं नव्हतं त्याला. मी त्या पोराला दोष देत नाही, पण नुकसानीचा हिशोब सांगायलाच हवा. फॅट३२ ची नोंदवही कार्डाच्या सुरुवातीलाच लिहिली जाते, ६४ जीबीवर तिच्या दोन प्रती मिळून पंधरा-सोळा एमबी. एक-दोन फोटो जावेत एवढंच. ट्रायलचा तो व्हिडिओ सव्वाशे एमबीचा. फॉरमॅटपेक्षा ट्रायलने आठपट जास्त नांगरलं होतं.

बाकी शोधायला फोटोरेक लावलं. हा प्रोग्राम उतारा बघतच नाही, जमीन चालत जातो. जेपीजी फोटोची सुरुवात नेहमी एफएफ, डी८, एफएफ ह्या तीन बाइटनी होते. ती खूण दिसली की तिथून फोटो उचलायचा. ताजं कार्ड असलं की कॅमेरा फाइली एकामागे एक सलग लिहीत जातो, त्यामुळे तुकडे जुळवावे लागत नाहीत. फाइलींची मूळ नावं अशा शोधात मिळत नाहीत, पण वेळ फोटोच्या पोटातच नोंदलेली असते.

पहिला फोटो आला तेव्हा मामा अगदी माझ्या खांद्याशी होते. हळदीने माखलेला एक हात, हिरवा चुडा, मागे धूसर कुणीतरी हसतंय. "ती," एवढंच म्हणाले, आणि टोपी काढून हातात धरली. मग हजाराच्या वर फोटो येत राहिले.

पहिल्या फोटोची वेळ नऊ बारा. फोटोग्राफरने आठ पन्नासला, देवक बसवताना सुरुवात केली होती. ती बावीस मिनिटं गेली, कायमची. मी मामांना सरळ सांगितलं, कारण घरी जाऊन कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. त्यांनी थोडा वेळ घेतला. "देवकाला तिची आजी बसली होती," म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत, आणि मलाही काही बोलता आलं नाही.

अक्षतांचा व्हिडिओ पूर्ण मिळाला. वीस मिनिटांचा, साडेसात जीबीची एकच फाइल. मामांनी पिशवीतून ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह काढला, तो जवळजवळ रिकामा. कॉपी केलं तर मशीन म्हणालं, फाइल मावत नाही. फोटोग्राफर पुन्हा म्हणाला, "बघा, जागा असून नाही म्हणतंय." जागा होती. पण पेन ड्राइव्ह फॅट३२ चा, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंतच असू शकते, शेजारी कितीही जागा पडून असो. एक्सफॅट करून दिला असता, पण फोटोग्राफर म्हणाला मामांच्या टीव्हीला फॅट३२ च चालतं. त्याच दिवशी तीच चूक तिसऱ्या यंत्रावर करायची नव्हती. व्हिडिओचे दोन भाग करायचे ठरलं.

बरोबर मध्यावर नेऊन थांबवला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकाची ओळ चालू.

"इथं नको," मामा म्हणाले. "इथं ती माझ्याकडं बघूलालीय."

मी थोडं पुढे नेलं. कडवं संपलं, भटजींनी श्वास घेतला, कुणीतरी लहान पोराला कडेवर उचललं. मामांनी बोट वर केलं. तिथे कापलं.