बेलवरचे म्युलर

जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं आडनाव, बस्स. पार्सलवाला खालच्या दाराशी बेलच्या चिठ्ठ्या वाचतो आणि सापडेल ते बटण दाबतो. स्टुटगार्टला राहायला गेले तेव्हा आमच्या दारावर दहा नावं होती, त्यातले दोन म्युलर. एक तिसऱ्या मजल्यावर, एक तळमजल्यावर, आपसात काडीचं नातं नाही. मध्ये माझं 'देशपांडे', कागदाच्या कपट्यात कोंबून बसवलेलं. मला वाटलं होतं, घोटाळे होतील ते माझ्या नावाचे. पण चुकायची ती म्युलरांची पार्सलं. तळमजल्यावरच्या आजी (मनातल्या मनात म्युलरआजी, तोंडावर अर्थातच फ्राउ म्युलर) दुसऱ्याच्या बुटांचं खोकं घेऊन जिना चढताना दिसायच्या. "आडनाव सांगितलं की लोक नुसते बघत राहतात," त्या म्हणायच्या, "अजून काहीतरी सांगेन म्हणून."

जर्मनीत या आडनावाची माणसं सगळ्यात जास्त. आणि उच्चार मात्र परक्यांना छळणारा: ओठ शीळ घालताना करतो तसे करायचे आणि आतून 'इ' म्हणायची. आपण 'म्युलर' म्हणून सुटका करून घेतो. पासपोर्टावर यंत्रानं वाचायच्या ओळीत तर डोक्यावरची दोन टिंबं गळतात आणि त्यांच्याऐवजी एक जादा अक्षर येऊन बसतं.

अर्थ साधा आहे, पाणचक्कीवर दळण दळून देणारा. मध्ययुगात जहागिरदार गिरणी बांधायचा आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी तिथंच दळलं पाहिजे असा दंडक असायचा. दळणावळ म्हणून म्युलर पिठातलंच एक माप काढून घ्यायचा. माप त्याचं, हातही त्याचा, त्यामुळे संशय कायमचाच. कित्येक ठिकाणी हा धंदा हलका मानला जाई आणि म्युलरच्या मुलांना कारागिरांच्या संघात प्रवेश नसे. पण गावोगाव गिरणी, तितके गिरणीवाले. आडनावं पक्की झाली तेव्हा अब्रूचं कुणी विचारलं नाही. उत्तरेत म्योलर झाले, शिकलेल्या काहींनी लॅटिन करून मोलिटर केलं, अमेरिकेला गेलेले बरेच मिलर झाले.

आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार, सोनार ही आडनावं सापडतात, पण दळणाऱ्याचं मला आठवत नाही. आपली गिरणी घरातच होती ना! पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईकडून ओव्या मागे राहिल्या. आडनाव राहणार कुठून, ते तिच्या हातात नव्हतंच.

म्युलरांमध्ये आपल्या ओळखीचा एकच, तोही 'मॅक्स' लावून: संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलर. त्याचे वडील विल्हेल्म म्युलर कवी. गिरणीवाल्याच्या मुलीवर जीव जडलेल्या पोराची गाणी त्यांनी लिहिली. आडनावाची गंमतच केली म्हणायची. शूबर्टनं त्यांना चाली लावल्या त्या १८२३ मध्ये, आणि त्याच वर्षी डेसाऊला मॅक्स जन्मला. पुढे ऑक्सफर्डला स्थिरावल्यावर नुसत्या म्युलरनं कोण ओळखणार म्हणून त्यानं 'मॅक्स' आडनावालाच जोडून टाकला. ऋग्वेद छापताना तर तो संस्कृतात 'मोक्षमूलर' झाला. भारतात पाऊल न ठेवताच! १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाची अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर त्याची सही होती. १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी सुटले. जर्मन भाषा शिकवणारी जी संस्था जगभर जर्मन कवी गटेच्या नावानं चालते, ती आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन. मी पहिली 'इ' ओठ गोल करून म्हटली ती पुण्यात, बोट क्लब रोडच्या त्याच भवनात.

हे मी आजींना सांगितलं तर त्यांना पत्ताच नव्हता. त्यांचा म्युलर म्हणजे फुटबॉलवाला गेर्ड. १९७० च्या विश्वचषकात दहा गोल, १९७४ च्या अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध विजयी गोल. पुढे २०१० मध्ये थॉमस म्युलर सर्वाधिक गोल करणाऱ्याचा बूट घेऊन गेला. पाठीवर तोच तेरा नंबर, नातं शून्य, बेलवरच्या दोघांसारखंच. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणारा स्विस पाउल म्युलर, रोमानियात जन्मलेली लेखिका हेर्टा म्युलर, दोघंही नोबेलवाले. आजींनी दोघांनाही मान डोलावून वाटेला लावलं. मॅक्सची युक्ती मात्र त्यांना फार आवडली.

जर्मनीत ओढ्यावर वरची आणि खालची अशा दोन गिरण्या असल्या, की वरच्या गिरणीवाल्याला ओबरम्युलर म्हणत, खालच्याला नीडरम्युलर. तीही आडनावं आहेत. पुढच्या आठवड्यात कामावरून आले तर तळमजल्याच्या बेलवर नवी चिठ्ठी, निळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात, 'म्युलर'च्या आधी बारीक 'नीडर'. वरच्या बेलवरही त्याच अक्षरात, त्याच शाईत, 'ओबर'. तिसऱ्या मजल्यावरच्यांना विचारलं होतं की नाही, कोण जाणे.