आमची वाटचाल: रेघ उमटते म्हणजे ट्यूब जिवंत आहे!

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला ज्यांनी कधी पार्ट घेतले, त्यांना आमचं दुकान वेगळं सांगायला नको. काचेच्या पिक्चर ट्यूबच्या, म्हणजे सीआरटीच्या, टीव्ही-मॉनिटरच्या दुरुस्तीत सुरुवातीची वर्षं बरी गेली. खरी परीक्षा सपाट पडद्याचे एलसीडी आल्यावर झाली.

त्या सुमारास जवळच एकाने मोठं शोरूम थाटलं. गिऱ्हाईक जुना मॉनिटर घेऊन गेलं, की मागचं कव्हर न उघडताच निकाल: ‘ट्यूब गेली, नवीनच घ्या.’ मधोमध एकच आडवी पांढरी रेघ दाखवणारे चांगले मॉनिटर त्याने भंगारात घालायला लावले. अहो, रेघ उमटते म्हणजे ट्यूब जिवंत आहे, ट्यूबचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एलओटी, हाय व्होल्टेज देतोय, चित्र आडवं पसरवणारा हॉरिझॉन्टल चालू आहे. बसलाय तो फक्त चित्र वर-खाली पसरवणारा व्हर्टिकल! त्याच्या आउटपुट आयसीच्या पायांना ड्राय सोल्डर (तडकलेला टाका), नाहीतर शेजारचा कपॅसिटर सुकलेला, फार तर आयसी उडालेला. पण लोकांनी चकचकीत काचेवर विश्वास ठेवला. आमचं भाडं थकलं, हाताखालचा पोरगा सोडावा लागला. तो राग अजून गेलेला नाही.

तगलो ते भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्या काकांमुळे. त्यांच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी लेथला चौदा इंची सीआरटी मॉनिटर. स्क्रीनवर तीच रेघ, मशीन ठप्प, आणि अख्खा कंट्रोलर बदलायचा तर खर्च लाखांत. मॉनिटर रिक्षात घालून काका थेट आमच्याकडे आले. आधी अर्थिंगची वायर बांधलेल्या स्क्रूड्रायव्हरने ॲनोड डिस्चार्ज केला, म्हणजे ट्यूबमध्ये साठलेला चार्ज उतरवला. मग भिंगाखाली बोर्ड धरला. आयसीच्या दोन पायांभोवती बारीक गोल चीर, आणि हीटसिंकला चिकटून बसलेल्या कपॅसिटरचा ईएसआर (आतला रोध) भलताच वाढलेला. दोन्ही कामं करून मॉनिटर शंभर वॉटच्या सिरीज बल्बवर चालू केला; आत शॉर्ट असेल तर हा बल्ब भरून पेटतो. बल्ब मंद झाला आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरला. काकांनी पुढे शेजारच्या कारखान्यांतून कामं पाठवली, त्यावर दुकान उभं राहिलं.

नव्या पोरांना सांगतो: रेघ दिसली की ब्राइटनेस लगेच उतरवा, नाहीतर फॉस्फर जळून कायमचा डाग पडतो. टाका नुसता गरम करू नका, जुनं सोल्डर पंपाने ओढून नवं घाला. कपॅसिटर 105 डिग्रीचाच लावा, 85 चा हीटसिंकशेजारी टिकत नाही.

काम अजून येतं, ट्यूबा मात्र मिळत नाहीत. कोणाकडे चालू चौदा इंची ट्यूब पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला दाखवा. योग्य भाव देऊ.